व इतर

नत्थू हेडाऊला मी एकतीस वर्षं
विंगेतून वाक्यं पुरवली
आणि त्यानं एकही घेतलं नाही.
वहीत असायचं : साहेब, पत्र आलं आहे.
हा म्हणायचा, "सायेब, कागद आला. मले वाचता येत नाई,
तुमाले येते का?"
धनवटेची शेवटची रांग खुर्च्यांवरून घसरायची,
मी पुढच्या ओळीवर बोट ठेवून
ती कधी येते बघत बसायचो.

तांडापेठेतला. बाप मागावर.
खड्ड्यात पाय सोडून दिवसभर,
डावा दाबला की उजवा वर, उजवा दाबला की डावा.
संध्याकाळी बाहेर आला तरी पाय तेच करायचे,
पानठेल्यापर्यंत.
नत्थूनं ती चाल उचलली
आणि पोस्टमन, हवालदार, बिनपगारी गडी, नवरीचा मामा,
सगळ्यांना तीच घातली.
बाप एकदा बघायला आला होता, तिसऱ्या रांगेत.
घरी जाताना
नीट चालायचा प्रयत्न करत होता.

दिवसा वीज मंडळात मीटर वाचायचा.
सक्करदऱ्यातल्या बाया दार उघडून आधी हसायच्या,
आकडा ऐकून मग गप्प.

दिवाळी सरली की रजा टाकून झाडीपट्टीत.
कापलेल्या धानाच्या बांधीत मंडप,
रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटे पाचला मिटायचा.
चारच्या सुमाराला गाव पेंगायला लागलं
की मालक ह्याला ढकलायचा,
प्रवेश असो नसो.
खून पडलेल्या घरात हा कंदील घेऊन उगाच यायचा :
"कोन मेलं बाप्पा? जरा हळू मरा नं,
लेकरू झोपलं हाये."
हजार माणसं गोधडीतून उठून बसायची.
मेलेला नटसुद्धा हलायचा.

जाहिरातीत नायक, नायिका, ऑर्गनवाला,
जनरेटरचा मालक फोटोसकट,
आणि तळाशी, शाई पुरली तर : व इतर.
शाळेत मास्तरांनी धाकट्या इंदूला विचारलं, वडील कोण?
ती म्हणाली, व इतर.
हे त्यानंच सांगितलं, तर्री-पोह्यांच्या गाडीवर,
आणखी तर्री मागता मागता.
ठेलेवाल्यानं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

एकदाच गंभीर भूमिका मिळाली. मेलेल्या पोराचा बाप.
दोन महिने तालीम केली, वहीतलं अक्षर न अक्षर पाठ.
नुसता येऊन उभा राहिला
आणि थिएटर फुटलं.
मेकअपच्या खोलीत मिशी सोलत म्हणाला,
"काहून हासले बे ते?"
मी म्हटलं, तुझी चाल.
"मी तं चाललोच नाई.
उभा होतो."

शेवटचा प्रयोग कुणी जाहीर केला नव्हता.
हातात पाकीट, समोर साहेब,
आणि नत्थू थांबला.
लोक हसले. हा तसाच.
आणखी हसले, कुणीतरी शिटी मारली.
त्यानं मान वळवली, विंगेकडे,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
मला ओळ सापडेना, मी वहीकडे बघणंच सोडलं होतं.
मग सापडली. साहेब, पत्र आलं आहे.
त्यानं घेतली. जशीच्या तशी,
शुद्ध, त्या 'आहे'सकट.
टाळ्या कडाडल्या.

आता मानेवाड्याला असतो, इंदूकडे.
रविवारी जातो मी, संत्री घेऊन.
तो विचारतो, कोण.
मी म्हणतो, वामन भोंगाडे.
तो म्हणतो, वामन भोंगाडे.
मी म्हणतो, संत्रं गोड आहे.
तो म्हणतो, संत्रं गोड आहे.
सालं गोळा करत मी बराच वेळ बसून राहतो,
एखादं तरी
चुकवेल म्हणून.